केनियातल्या ओगिएक निकालाचा आपल्या सामूहिक वनहक्क दाव्याला काही उपयोग होईल का?

वनहक्कवाली:

सगळ्यांना नमस्कार. विषय केनियाचा आहे, पण अडचण आपल्याकडची आहे, म्हणून इथे विचारते.

मी राहते पंचवटीत आणि काम करते नाशिकच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका कोकणा वस्तीच्या गावात. काम म्हणजे वनहक्काचे दावे तयार करून देणं. म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यायचे, फॉरेस्टच्या जुन्या दंडाच्या पावत्या कुणाच्या पत्र्याच्या पेटीत सापडतात का बघायच्या, मोजणीला उभं राहायचं, फाइल लावायची. मार्च २०१८ मधला नाशिक ते मुंबई पायी मोर्चा आठवत असेल. त्यात आमच्या गावचीही माणसं होती. पुढे काही वैयक्तिक पट्टे आले. आले म्हणजे कसे, तर कसणूक दोन एकराची आणि कागदावर पंधरा-वीस गुंठे. ज्याला मिळालं तो गप्प, ज्याला नाही मिळालं तो ग्रामसभेला फिरकत नाही. आणि ज्या जंगलातून हिरडा, मोह, सरपण, गुरांचा चारा येतो, ते जंगल कुणाच्याच फाइलीत नाही.

म्हणून आता सामूहिक वनसंसाधनाचा दावा, म्हणजे नमुना 'क', लावायचं ठरतंय. मागच्या बैठकीला आलेल्या एका साहेबांनी ऐकवलं, "पोरं जीन्स घालतात, सातपूरला कंपनीत जातात, नांगरट ट्रॅक्टरने होते. तुम्ही आता कुठे जंगलावर अवलंबून राहिलात?" खोलीत बसलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यातली एक सकाळीच मोळी टाकून आली होती. ती म्हणाली, "साहेब, गॅस संपल्यावर या." पण बैठकीच्या इतिवृत्तात बाईचं वाक्य येत नाही, साहेबांचं येतं.

ह्यावर कुठे काही निकाल आहे का म्हणून शोधत बसले, तर आफ्रिकन मानवी हक्क न्यायालयाचा २६ मे २०१७ चा निकाल हाती लागला. केनियाच्या माऊ जंगलातले ओगिएक लोक विरुद्ध केनिया सरकार. सरकारचं म्हणणं अगदी हेच, की ओगिएक आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. न्यायालयाने ते मानलं नाही. संस्कृती जिथल्या तिथे गोठून राहिली तरच ती संस्कृती, असं काही नाही, ह्या अर्थाचं त्यांनी लिहिलंय. वाचून मी खुर्चीतून उठलेच.

तर आफ्रिकेतला हा निकाल आपल्या दाव्याला जोडता येतो का? दुसरं म्हणजे तिथे प्रत्यक्षात काय झालं, जमीन मिळाली का? आणि एकूणच हे आफ्रिकन न्यायालय काय प्रकरण आहे, कुणी समजावून सांगेल का?


रोखठोक_सिडको:

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण खरं सांगू का, आफ्रिकेकडून मानवी हक्क शिकायचे म्हणजे अतीच झालं. रवांडा, सुदान, काँगो. तिथले राष्ट्राध्यक्ष तीस-तीस वर्षं खुर्ची सोडत नाहीत. सुदानचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष अल बशीर, त्याच्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं वॉरंट होतं, तरी हा माणूस २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत परिषदेला जाऊन सुखरूप परत आला. आणि वर म्हणतात, हेगचं न्यायालय फक्त आफ्रिकेच्या मागे लागतं. आपला वनहक्क कायदा २००६ चा आहे, चांगला आहे, तोच नीट वापरा. केनियाच्या निकालाची प्रत लावली तर बाबू लोक हसतील.


नैवाशाकर:

ताई, नमस्कार. मी मूळचा ओझरचा. द्राक्षबागेतून गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये आलो आणि इथे केनियात नैवाशा तळ्याकाठच्या एका फुलांच्या फार्मवर कामाला लागलो. आमच्या पॅकहाउसच्या मागच्या दारात उभं राहिलं की पश्चिमेला जी डोंगराची भिंत दिसते तो माऊचा कडा. त्याच्या वर आणि पलीकडे ते जंगल.

आमच्या ग्रेडिंगच्या शेडमधला एक मुकादम ओगिएक आहे, नारोकच्या बाजूचा. त्याच्याबरोबर वर गेलो होतो. ओगिएक म्हणजे मधवाले. पेटी आपल्यासारखी चौकोनी नसते. सीडरच्या ओंडक्याचे उभे दोन भाग करतात, आतून कोरतात, पुन्हा एकावर एक बांधतात आणि उंच फांदीत आडवं बसवून ठेवतात. काढायला जाणारा माणूस खांद्याला चामड्याची पिशवी अडकवतो, धुमसतं लाकूड घेतो आणि वर चढतो. खाली उभं राहून बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण मला जास्त नवल वाटलं ते वाटणीचं. कुठल्या कुळाचं रान कुठल्या ओहोळापासून कुठल्या ओहोळापर्यंत, हे सगळ्यांना पाठ. कुंपण नाही, दगड नाही. डोंगराच्या वरच्या अंगाला एक फुलोरा, खालच्या अंगाला दुसरा, म्हणून रानाची पट्टीही वरून खाली अशी उभी गेलेली. सरकारी मोजणीदार आला तर त्याला काय दिसणार? झाडं.

इंग्रजांनाही तेच दिसलं. १९३० च्या दशकात त्यांनी जमिनीचा एक आयोग नेमला. त्याने ह्या लोकांना स्वतंत्र जमात मानून जागा दिली नाही. शेजारच्या मोठ्या जमातींत नेऊन मिसळून टाका, अशी शिफारस केली. जंगल राखीव झालं आणि हे त्यात घुसखोर ठरले. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारनेही तीच फाइल पुढे चालवली. ऑक्टोबर २००९ मध्ये वनखात्याने तीस दिवसांत जंगल सोडा अशी नोटीस काढली. कारण काय, तर माऊ हे पाणलोटाचं जंगल, ते वाचवायचंय. कारण ऐकायला कसं छान वाटतं बघा.

खटला कसा वर गेला तेही सांगतो, कारण त्यात गंमत आहे. तुम्ही म्हणता ते आफ्रिकन न्यायालय टांझानियातल्या आरुषाला आहे. तिथे साध्या माणसाला किंवा संस्थेला थेट जाता येतं, पण त्याच्या देशाने तशी वेगळी परवानगी लिहून दिलेली असेल तरच. केनियाने दिलेली नाही. मग ओगिएक आधी गांबियातल्या बांजुलला गेले, आफ्रिकन मानवी हक्क आयोगाकडे. आयोगाने सरकारला थांबा म्हटलं, सरकारने मनावर घेतलं नाही. तेव्हा २०१२ मध्ये आयोगच फिर्यादी होऊन न्यायालयात गेला. म्हणून खटल्याचं नाव 'आफ्रिकन आयोग विरुद्ध केनिया' असं आहे.

निकालात तुमच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक तुम्ही सांगितलीच. दुसरी पर्यावरणाची. न्यायालय म्हणालं, जंगलाची नासाडी ओगिएकांमुळे झाली ह्याचा पुरावा सरकारने दिलेला नाही, उलट बाहेरून आलेल्यांची अतिक्रमणं आणि सरकारने स्वतः दिलेले जमिनीचे तुकडे आणि लाकूडतोडीचे परवाने, ही कारणं कागदोपत्री दिसतात. मालमत्तेचा हक्क एकट्या माणसाचाच असतो असं नाही, अख्ख्या समाजाचाही असू शकतो, हेही त्यांनी मानलं.

आता जमिनीवर काय झालं ते. २३ जून २०२२ ला भरपाईचा निकाल आला. आर्थिक नुकसानीचे ५ कोटी ७८ लाख ५० हजार शिलिंग, मनस्तापाचे १० कोटी शिलिंग, आणि मुख्य म्हणजे वडिलोपार्जित जमिनीची हद्द आखून सामूहिक मालकीचा कागद द्या. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये वनखात्याची माणसं पुन्हा माऊत शिरली आणि घरं पाडली. आमचा मुकादम त्या आठवड्यात रजेवर होता. परत आल्यावर म्हणाला, आमच्याकडे कोर्टाचा कागद आहे आणि त्यांच्याकडे कुऱ्हाड आहे. पुढे काही बोलला नाही, क्रेट मोजायला लागला.


जुना_वकील:

जिल्हा कोर्टात बरीच वर्षं काळा कोट घातला, आता घरी बसून वाचतो. दोघांनाही उत्तर देतो. आधी सिडकोचे चिरंजीव.

राष्ट्राध्यक्षांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. आफ्रिकन नेत्यांनी २०१४ मध्ये मालाबोला एक करार केला. त्यात भावी आफ्रिकन फौजदारी न्यायालयापुढे पदावरच्या राष्ट्रप्रमुखाला खेचता येणार नाही अशी तरतूद घालून घेतली. निर्लज्जपणा म्हणतात तो हा. पण 'हेग आमच्याच मागे' ह्या तक्रारीची दुसरी बाजूही बघा. युगांडा, काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक ह्या देशांनी आपापली प्रकरणं आपणहून हेगला पाठवली होती. आणि ह्या न्यायालयाच्या कराराला जगात सगळ्यात आधी मान्यता देणारा देश सेनेगल, १९९९ मध्ये. आपण तर अजून त्याचे सदस्यच नाही, तेव्हा हसताना जरा बेताने.

हेगबद्दलचा राग मात्र जुना आहे आणि त्याचा ह्या फौजदारी न्यायालयाशी संबंध नाही. तिथे दुसरं एक न्यायालय आहे, देशादेशांमधल्या तंट्यांचं. १९६० मध्ये इथिओपिया आणि लायबेरिया त्याच्यापुढे गेले. दक्षिण आफ्रिका नामिबियात वर्णभेद लादते आहे, हे थांबवा म्हणून. खटला सहा वर्षं चालला. १९६६ मध्ये मतं पडली सात विरुद्ध सात, अध्यक्षांनी आपलं जादा मत टाकलं आणि निकाल लागला की ह्या दोन देशांना हा प्रश्न विचारण्याचा हक्कच पोचत नाही. मूळ मुद्द्याला हातही लावला नाही. नुकत्या स्वतंत्र झालेल्या आफ्रिकेला हा आंतरराष्ट्रीय न्यायाचा पहिला मोठा अनुभव. १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा झाला तेव्हाही संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेचे देश होते चार: इजिप्त, इथिओपिया, लायबेरिया आणि दक्षिण आफ्रिका. त्यातली दक्षिण आफ्रिका मतदानाला तटस्थ राहिली. बाकी खंड पारतंत्र्यात. तेव्हा 'जगाने ठरवलेले हक्क' म्हटल्यावर त्यांनी भुवई उंचावली तर नवल नाही. जाता जाता, दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या छळाची तक्रार १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत नेली ती आपण, विजयालक्ष्मी पंडितांनी.

मग आफ्रिकेच्या देशांनी आपला स्वतःचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिला, आफ्रिकन चार्टर म्हणतात तो. १९७९ मध्ये मन्रोव्हियाच्या बैठकीत ठरलं. त्याच वर्षी युगांडाचा इदी अमीन, विषुववृत्तीय गिनीचा मासियास आणि मध्य आफ्रिकेचा बोकासा असे तिघे हुकूमशहा पडले. सेनेगलचे न्यायमूर्ती केबा म्बाये मसुद्याच्या कामात पुढे होते. जून १९८१ मध्ये नैरोबीला तो मंजूर झाला, ऑक्टोबर १९८६ पासून लागू. कलम १२ मध्ये परकीयांच्या सरसकट हकालपट्टीला बंदी आहे. अमीनने १९७२ मध्ये आपल्या भारतीय वंशाच्या माणसांना नव्वद दिवसांत युगांडातून हाकललं होतं, ते आठवा म्हणजे ह्या कलमाचं वजन कळेल. कलम २९ मध्ये गरज पडल्यास आईबापांना सांभाळणं हे माणसाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. असं कलम युरोपच्या करारात शोधून दाखवा. अर्थात कर्तव्यांची यादी सरकारच्या हातात गेली की नागरिकाला गप्प बसवायलाही उपयोगी पडते, हेही तितकंच खरं.

ह्या जाहीरनाम्यात माझ्या मते खरी ताकद आहे ती कलम २० ते २४ मध्ये. नैसर्गिक संपत्तीवर, विकासावर, निरोगी पर्यावरणावर तिथे अख्ख्या लोकसमूहाचा हक्क आहे. वसाहतीच्या काळात एकेका माणसाला नाही, अख्ख्या लोकांना लुटलं गेलं होतं, हे त्यामागचं साधं कारण. नायजेरियात ओगोनी लोकांच्या नद्या आणि शेतं तेलाने नासली, त्यात २००१ मध्ये आयोगाने नायजेरिया सरकारला दोषी धरलं. बोगोरिया तळ्याकाठच्या एंडोरोइस पशुपालकांना १९७० च्या दशकात अभयारण्यासाठी उठवलं होतं, त्यांच्या बाजूचा निर्णय २०१० मध्ये जाहीर झाला. ओगिएक निकाल त्याच वाटेवरचा. आशियात ह्यातलं काहीच नाही. युरोपला मानवी हक्कांचं न्यायालय आहे, अमेरिका खंडाला आहे, आफ्रिकेला आहे. आपल्या खंडाला नाही.

आता ताई तुम्ही. नमुना 'क' ला ओगिएक निकाल जोडू नका. सिडकोवाल्यांचा एवढा मुद्दा बरोबर आहे. उपविभागीय समितीपुढे त्याचं वजन शून्य आणि फाइल जाड होईल ती वेगळी. तिथे आपलाच कायदा पुरतो. वैयक्तिक दाव्याला असते तशी चार हेक्टरची मर्यादा सामूहिक दाव्याला नाही. जीन्सवाल्या साहेबांना उत्तरही त्यातच आहे. कायदा उपजीविकेची खरी गरज बघतो, अंगावरचा कपडा बघत नाही, आणि २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे वनोपज विकून भागवलेली गरजही त्या गरजेत येते. म्हाताऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा आहे, देवस्थान, विहीर, दफनभूमी हाही पुरावा आहे. सॅटेलाइटचा नकाशा इतर पुराव्याला जोड म्हणून चालतो, त्याच्या जागी चालत नाही. वरच्या समितीला दावा मान्य नसेल तर कारणं लेखी द्यावी लागतात. तोंडी 'पुरावा अपुरा' चालत नाही, लेखी मागा.

ओगिएक निकाल ठेवा उच्च न्यायालयासाठी, वेळ आलीच तर. परदेशी निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नसतो, पण ऐकून घेतला जातो. ओडिशातल्या नियामगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीबद्दलच्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांचा आणि जाहीरनाम्यांचा उल्लेख केलेला आहे आणि निर्णय ग्रामसभांवर सोपवलेला आहे. बाराही ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं. त्याच्याशेजारी ओगिएक नीट बसतो.


रोखठोक_सिडको:

वकीलसाहेब, इतिहास कळला, धन्यवाद. पण नैवाशाकरांनी जे सांगितलं त्याचं काय? निकाल लागूनही घरं पाडली ना? मग असल्या न्यायालयाचा उपयोग काय? आरुषा ज्या टांझानियात आहे, त्या टांझानियानेच २०१९ मध्ये आपल्या लोकांची थेट दाद मागायची परवानगी काढून घेतली, हे मी आत्ताच वाचलं.


जुना_वकील:

काढून घेतली, बरोबर. त्याआधी रवांडाने, नंतर बेनिन आणि आयव्हरी कोस्टनेही. निकाल अंगावर यायला लागले की यजमानाला पाहुणा जड होतो.

पण चिरंजीव, आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? दिवाणी दावा जिंकला की पक्षकार पेढे वाटतो आणि वकील मनात म्हणतो, आता दरखास्त लावायची, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा कोर्टात जायचं. हुकूमनामा हातात घेऊन ताब्यासाठी दहा वर्षं फिरणारी माणसं मी बघितली आहेत. म्हणून दावा लावू नये असं त्यांना कुणी सांगितलं नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात यायला एप्रिल २०११ उजाडलं. दिल्लीहून केंद्रीय मंत्री आले तेव्हा कुठे. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये दावे फेटाळलेल्या लाखो कुटुंबांना बाहेर काढा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला होता, तो पंधरवड्यात थांबवला गेला. का थांबला? त्यांची नावं कुठल्यातरी फाइलीत होती म्हणून. ज्यांनी दावाच केला नव्हता त्यांच्यासाठी थांबवायला काहीच नव्हतं.


नैवाशाकर:

वकीलसाहेबांच्या बोलण्याला एक जोड. ओगिएकांमध्येही तुमच्या गावासारखाच वाद आहे, ताई. काही घरांना वाटतं, ज्याच्या त्याच्या नावाने तुकडा मिळाला तर बरं, विकता तरी येईल, पोराची फी भरता येईल. न्यायालयाने सामूहिक कागद म्हटला म्हणून सगळे एका सुरात बोलतात असं नाही. आमच्या मुकादमाचा चुलतभाऊ वैयक्तिक पट्ट्यावर अडून आहे. दोघे एका लग्नात भेटले की हाच विषय. पण मुकादमाचं म्हणणं मला पटलं. तुकड्यावर बटाटा लावता येतो, पोळं लावता येत नाही, माशी सात-बारा बघत नाही, असं काहीसं. (सात-बारा शब्द माझा, त्याने टायटल डीड म्हटलं.)


वनहक्कवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. रोखठोक दादा, तुमचेही, तुम्ही टोकलं नसतं तर वकीलसाहेबांनी एवढं लिहिलं नसतं.

म्हणजे माझं असं ठरतंय. निकालाची प्रत फाइलीला नाही, पण ग्रामसभेत मी तो वाचून दाखवणार आहे, मराठीत सांगून. ज्यांना पट्टा मिळाला नाही ते ग्रामसभेला येत नाहीत, त्यांच्यासाठी मुख्यतः. जंगलाचा कागद झाला तर त्यात त्यांचंही नाव असेल, हे त्यांना आमच्याकडून ऐकून खरं वाटत नाही. लांबच्या देशात मध काढणाऱ्या लोकांनी सरकारला कोर्टात खेचलं आणि जिंकलं, हे ऐकायला ते येतील. घरं पुन्हा पाडली तेही सांगणार, लपवून काय करायचंय.

साहेबांच्या जीन्सवरच्या वाक्याला उत्तर म्हणून आम्ही एक वही सुरू केली आहे. कुठलं घर कुठल्या महिन्यात जंगलातून काय आणतं, किती विकतं, किती घरात वापरतं. हिरड्याला ह्या वर्षी काय भाव मिळाला तेही लिहितोय. सातपूरला कामाला जाणाऱ्या पोरांच्या घरांची नोंद आधी घेतली, मुद्दाम.

एक शंका उरली. आमच्या जंगलाच्या उत्तरेच्या अंगाला शेजारच्या गावाची गुरं पिढ्यानपिढ्या येतात. हद्द आखताना ते अंग आम्ही आमच्यात धरायचं की सोडायचं?


जुना_वकील:

सोडू नका आणि गिळूही नका. नमुना 'क' मध्ये लगतच्या गावांसाठी रकाना आहे, तिथे दोन्ही गावांचा वापर कसा वाटून घेतला जातो ते लिहायची सोय आहे. त्यांच्या ग्रामसभेबरोबर एकत्र बसा, हद्दीवरून दोन्हीकडच्या चार-चार म्हाताऱ्यांना चालत न्या, ओढे-टेकड्यांची नावं घालून ठराव करा आणि दोन्ही ग्रामसभांच्या सह्या घ्या. हे दावा दाखल करण्याच्या आधी करा. नंतर केलंत तर हरकत येते, आणि हरकत आली की फाइल खाली परत.